मांडीच्या स्नायूत जंताची गाठ असू शकते का? रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय

सायली_प

नमस्कार. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं विचारता येणार नाही.

माझा मोठा भाऊ, वय ४३. उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेच्या जरा खाली, एक गाठ आहे. दोन वर्षांपूर्वी अंगठ्याच्या पेराएवढी होती म्हणे, आता माझ्या मुठीएवढी आहे. दुखत नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही. मांडी घालून बसलं की आत काहीतरी दाबल्यासारखं होतं, असं एकदा सहज बोलून गेला तेव्हा घरात कळलं. तोवर त्याने वहिनीलाही सांगितलं नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांनी चाचपून चरबीची गाठ सांगितली. सोनोग्राफीत मात्र चरबी नव्हती, ‘पाण्याची गाठ, आत पडदे’ असं आलं. मग ठरलं की सिरिंजने पाणी ओढून टाकायचं, दहा मिनिटांचं काम. मी बाहेर बसले होते. दादा टेबलावर झोपलेला, मांडीला आयोडीन लावून झालेलं. दुसरे एक डॉक्टर त्यांच्या कामासाठी खोलीत आले, त्यांनी सोनोग्राफीची फिल्म खिडकीकडे धरून पाहिली आणि म्हणाले, ‘थांबा जरा. ही हायडॅटिड तर नाही ना?’ हायडॅटिड म्हणजे कुत्र्याच्या एका जंताच्या अळीमुळे होणारी पाण्याची गाठ. सिरिंज परत ट्रेमध्ये गेली. दादा मांडीवर तो तपकिरी डाग घेऊन घरी आला.

याला बारा दिवस झाले. या जंतासाठी (त्याचं नाव एकिनोकॉकस) रक्त तपासलं, ‘एकिनोकॉकस आयजीजी: निगेटिव्ह’. इओसिनोफिल, म्हणजे जंत असताना वाढू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी, ४ टक्के, म्हणजे नॉर्मल. आता घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात निगेटिव्ह आलं ना, मग पाणी काढून मोकळे व्हा. वहिनी रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसते आणि सकाळी डोळे सुजलेले असतात.

मला विचारायचंय ते असं. हा जंत यकृतात होतो असं सगळीकडे लिहिलंय, मग मांडीत कसा जाईल? रक्त निगेटिव्ह म्हणजे विषय संपला का? नुसत्या गोळ्यांनी जाईल की कापावंच लागेल? आणि आमच्याकडे लहानपणी कुत्रा होता, दादाच्या अंथरुणात झोपायचा. आई तेव्हापासून एकच धरून बसली आहे, ‘मीच आणलं होतं त्याला घरी.’ दादाची मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत, त्यांना दादापासून काही होईल का?

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.


कृष्णधवल

सायलीताई, सोनोग्राफी आणि एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम. फिल्म न बघता निदान सांगणार नाही, पण कशाकडे लक्ष द्यायचं ते सांगतो.

‘आत पडदे’ या दोन शब्दांवर काही ठरत नाही. ते पडदे कसले आहेत हे विचारा. एका मोठ्या गाठीच्या पोटात लहान लहान गोल गाठी एकमेकींना चिकटून बसल्या असतील, मधाच्या पोळ्यासारख्या, तर त्या पिल्लू-गाठी. किंवा आतलं अस्तर भिंतीपासून सुटून पाण्यात वळकट्या घालत तरंगत असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात पहिल्याला सीई२ आणि दुसऱ्याला सीई३ए म्हणतात. यातलं काहीही स्वच्छ दिसलं तर हायडॅटिड म्हणायला मी कचरत नाही, रक्त काही का म्हणेना. नुसती गुळगुळीत पाण्याची पिशवी असेल तर मात्र सोनोग्राफीवर छातीठोक सांगता येत नाही.

आणखी एक, जे छापील फिल्ममध्ये कधीच दिसत नाही. मी प्रोब गाठीवर तसाच धरून पेशंटला हळूच कुशीवर वळायला सांगतो. हायडॅटिड असेल तर तळाशी बसलेले बारीक चमकदार कण उठतात आणि पुन्हा सावकाश खाली बसतात. कवडशात धूळ तरंगताना दिसते ना, तसं. त्याला आमच्यात हायडॅटिडची वाळू म्हणतात. ती सुटलेल्या अळ्यांची डोकी असतात. प्रत्येक गाठीत दिसत नाही, पण दिसली की विसरता येत नाही. त्यामुळे शक्य झालं तर सोनोग्राफी पुन्हा करा आणि करणाऱ्याला ‘हायडॅटिडची शंका आहे’ हे आधी सांगा. शोधायचं काय हे माहीत असलं की वेगळं दिसतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मांडीत खोलवर, ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी आणि वाढत जाणारी गाठ, मग ती दुखो वा न दुखो, सुई लावण्याआधी तिचा एमआरआय झालाच पाहिजे. कारण हायडॅटिड हा एकच संशयित नाही. स्नायूतला कॅन्सर, म्हणजे सार्कोमा, त्यातले काही प्रकार सोनोग्राफीत हुबेहूब पाण्यासारखे दिसतात. क्षयाचा थंड गळू तसाच दिसतो, जुनं साकळलेलं रक्तही. सार्कोमात सुई भलत्या वाटेने गेली तर पुढचं ऑपरेशन अवघड होतं, हायडॅटिडमध्ये गेली तर वेगळाच धोका. दोन्हीकडून उत्तर एकच येतं: चित्र आधी, सुई नंतर. एमआरआयमध्ये मांडीची मोठी रक्तवाहिनी आणि नस गाठीपासून किती लांब आहेत तेही सर्जनला कळतं.

पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे झालाय का? तुम्ही लिहिलं नाहीत. मांडीत सापडली म्हणजे तेवढीच असेल असं धरून चालू नका.


सूक्ष्मदर्शी

सायली, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं सुईचे नमुने काचेवर पसरून बघते आहे. मला हे सविस्तर लिहायचंय, कारण तुझ्या दादाला जो माणूस ‘थांबा’ म्हणाला तसा माणूस माझ्या खोलीत त्या दिवशी नव्हता.

नोकरीच्या चौथ्या वर्षातली गोष्ट. तिशीतली एक बाई, मानेच्या मागे गाठ, चिठ्ठीवर लिहिलेलं ‘लायपोमा’, म्हणजे चरबीची गाठ. सोनोग्राफी नव्हती, मी मागितलीही नाही. सुई मीच घातली. चरबी असली की सिरिंजमध्ये पिवळट तेलकट थेंब येतात आणि ओढायला जोर लागतो. इथे जोर लागलाच नाही. पाणी आलं, इतकं नितळ की सिरिंज रिकामी आहे असं क्षणभर वाटलं. साधारण तीन मिलिलिटर. मी हात थांबवला. नितळ, रंगहीन पाणी स्नायूच्या आसपासच्या गाठीतून सहसा येत नाही, हे पुस्तकात वाचलेलं तेव्हा आठवलं.

बाई म्हणाल्या, ‘तळहात खाजतायत.’ मग गळ्यावर गांध्या उठल्या, मग त्या गप्प झाल्या. इमर्जन्सीचा ट्रे शेजारच्या खोलीत होता. मांडीत अ‍ॅड्रेनलिन, सलाइन, पाय वर. संध्याकाळपर्यंत त्या उठून बसल्या, दुसऱ्या दिवशी घरी गेल्या. मी तो नमुना रात्री पाहिला. काचेवर पेशी जवळजवळ नव्हत्याच. आणि एका कोपऱ्यात ते दिसले: बारीक, वाकडे, काचेच्या तुकड्यासारखे चमकणारे आकडे. मांजराच्या नखांसारखे. सूक्ष्मदर्शकाचं प्रकाशाचं भिंग (कंडेन्सर) खाली केलं की जास्तच लखलखतात. अळीच्या डोक्यावर या आकड्यांचं कडं असतं. पुढे कुत्र्याच्या आतड्याला धरून राहायला तिला ते लागतात. सबंध अळी मेली, विरघळली, तरी आकडे टिकतात. काचेवर एक आकडा सापडला तरी निदान झालं.

तेव्हापासून माझ्या खोलीत दोन गोष्टी बदलल्या. ट्रे हाताशी असतो. आणि खोलवरच्या गाठीला सोनोग्राफीशिवाय मी सुई लावत नाही, चिठ्ठी कुणाचीही असो.

आता तुझे प्रश्न.

मांडीत कशी गेली? अंडं तोंडावाटे पोटात जातं, आतड्यात फुटतं आणि सूक्ष्म अळी रक्तात शिरते. आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं. यकृत म्हणजे पहिली चाळणी, म्हणून सुमारे ७० टक्के गाठी तिथे अडकतात. जी निसटते ती हृदयातून फुप्फुसात जाते, ती दुसरी चाळणी. तिथे २० टक्क्यांच्या आसपास. दोन्ही चाळण्यांतून सुटलेली अळी मुख्य रक्तप्रवाहात येते, आणि मग जिथे रक्त जातं तिथे ती जाऊ शकते. प्लीहा, मूत्रपिंड, मेंदू, हाड, हृदय, डोळ्याची खोबण, थायरॉइड, स्तन. मी स्वतः स्नायूतल्या सात पाहिल्यात, स्तनातली एक आणि मणक्यातली एक. मणक्यातली सगळ्यात वाईट. हाडात तिच्याभोवती जाड कवच तयार होत नाही, त्यामुळे ती गोल न राहता हाडाच्या पोकळ्यांतून पाझरत जाते आणि कॅन्सरसारखी वागते. मांडीच्या स्नायूतली त्या मानाने बरी जागा आहे, हे आईंना आवर्जून सांग.

रक्त निगेटिव्ह. यावर तुझ्या बाबांशी मी स्वतः बोलले असते. ही तपासणी जंत शोधत नाही, जंताविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधते. गाठ धडधाकट असेल, कुठून झिरपत नसेल, तर शरीराला आत काय आहे याचा पत्ताच लागत नाही. यकृताच्या गाठीत ही तपासणी बहुतेकदा पॉझिटिव्ह येते, फुप्फुसात निम्म्याच्या आसपास, आणि स्नायू, मेंदू, हाड इथे त्याहूनही बेभरवशाची. इओसिनोफिलचंही तेच, गाठ फुटली किंवा झिरपली तरच ते सहसा वाढतात. म्हणजे पॉझिटिव्ह आलं असतं तर मदत झाली असती, निगेटिव्ह आल्याने काही पुसलं गेलेलं नाही. उलटी चूकही होते बरं का: दुसऱ्या टेपवर्ममुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. पूर्वी कातडीत टोचायची कॅसोनी चाचणी असायची, ती याहूनही बेभरवशाची म्हणून मागे पडली. कुणी सुचवली तर नको म्हण.

सुईबद्दल एक खुलासा, नाहीतर माझ्या गोष्टीने उगाच भीती बसेल. यकृताच्या काही गाठींवर सुई हाच उपचार आहे. सोनोग्राफीत बघत सुई घालतात, पाणी काढतात, जंत मारणारं औषध, म्हणजे तीव्र मिठाचं पाणी किंवा अल्कोहोल, आत सोडतात, थांबतात, पुन्हा ओढून घेतात. त्याला पेअर म्हणतात. पण तिथे आधीपासून गोळ्या सुरू असतात, भूलतज्ज्ञ शेजारी असतो, आणि सुई जाडशा यकृतातून वाट काढत जाते म्हणून झिरपलं तरी आळा बसतो. बाह्यरुग्ण विभागात टेबलावर झोपवून दहा मिनिटांत पाणी ओढणं हे ते नव्हे. त्यातली एकेक अळी बाहेर सांडली तर तिथे नवी गाठ धरू शकते, आणि एकीच्या चार झालेल्या मांड्या मी पाहिल्यात.

स्नायूत शक्यतो गाठ सबंध काढतात. न फोडता, तिच्याभोवती शरीराने बनवलेल्या कवचासकट. भोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या घड्या लावून ठेवतात, चुकून थेंब सांडला तर तिथेच मरावा म्हणून. ऑपरेशनच्या आधी काही दिवस, बरेचदा चार-पाच दिवसांपासून महिन्यापर्यंत, अल्बेन्डाझोल या जंतावरच्या गोळ्या सुरू करतात आणि नंतर किमान महिनाभर देतात. नुसत्या गोळ्यांवर लहान, एकपदरी गाठी कधी कधी विरतात. पिल्लू-गाठी भरलेल्या मोठ्या गाठीवर मी नुसत्या गोळ्यांचा भरवसा धरणार नाही, पण ते सर्जन ठरवतील.

गोळ्यांबद्दल तीन गोष्टी, कारण या सांगायच्या राहून जातात. मोठ्या माणसाला साधारण ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा डोस असतो. शाळेत मुलांना देतात ती एकच गोळी आणि हा कोर्स यांची गल्लत करू नका. ती भरल्या पोटी, स्निग्ध जेवणासोबत घ्यायची. तशी घेतली तर रक्तात पाचपटीपर्यंत जास्त उतरते, रिकाम्या पोटी बरीचशी वाया जाते. आणि दर दोन आठवड्यांनी यकृताच्या तपासण्या आणि रक्तपेशी बघायच्याच. पांढऱ्या पेशी घसरू शकतात, आणि ते आतून कळत नाही. गरोदरपणात ती देत नाहीत, हे इतर वाचणाऱ्यांसाठी.

मुलांचं आणि कुत्र्याचं जाणकार लिहितीलच. थोडक्यात: दादापासून कुणालाही काही होणार नाही. त्याच्या शरीरात अंडी तयारच होत नाहीत.


सायली_प

सूक्ष्मदर्शी, तुमचं लिहिणं मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. तळहात खाजायला लागले तिथे ते ‘पुरे’ म्हणाले आणि स्वतः उठून एमआरआयची वेळ घ्यायला फोन केला. कृष्णधवल, पोटाची सोनोग्राफी झाली नव्हती, उद्या करतोय.


अनिकेत_क

माझी गाठ वेगळ्या जंताची, पण इथे सांगण्यासारखी आहे, कारण लोक दोन्हींत गोंधळतात.

मला उजव्या गालात, दाढांच्या मागे, जबड्याच्या स्नायूत सूज आली. चावताना दुखायचं. दाढेचा फोड म्हणून दोन वेळा अँटिबायोटिक झाले, एक दाढही गेली. दाढ निर्दोष होती हे काढल्यावर कळलं. तिसऱ्या महिन्यात एका डॉक्टरांनी गालावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला आणि दोन मिनिटांत स्क्रीन माझ्याकडे वळवली. वालाएवढी काळी लंबगोल पिशवी आणि भिंतीला चिकटलेला एक पांढरा ठिपका. ‘हे त्याचं डोकं’ म्हणाले. सिस्टिसर्कोसिस. टीनिया सोलियम नावाच्या टेपवर्मची अळी. दहा मिलिमीटरसुद्धा नव्हती.

मला लगेच गोळ्या हव्या होत्या. मिळाल्या नाहीत. आधी मेंदूचा एमआरआय आणि बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. तेव्हा राग आला होता, आता कारण पटलंय. जिवंत अळीला शरीर फारसं काही करत नाही. औषधाने ती मरू लागली की तिच्याभोवती जोराची सूज येते. गालात आली तर गाल दुखेल. डोळ्याच्या आत आली तर नजर जाऊ शकते, मेंदूत आली तर फिट येऊ शकते. माझे दोन्ही रिपोर्ट स्वच्छ आले, मग अल्बेन्डाझोल आणि सोबत सूज आवरायला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, चार आठवडे. पहिल्याच आठवड्यात गाल आधीपेक्षा फुगला आणि मी घाबरून फोन केला, तर म्हणाले हेच अपेक्षित होतं, स्टिरॉइड मनाने थांबवू नका. महिन्याने पिशवी दिसेनाशी झाली. सायलीताईंच्या दादांना लागेल असं दिसतंय तसं ऑपरेशन मला लागलं नाही, दोन्हींतला मोठा फरक हाच.

आणि एक गैरसमज, जो मला नातेवाइकांना वीस वेळा समजवावा लागला. अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्ल्याने आतड्यात टेपवर्म होतो. पण स्नायूत, मेंदूत, डोळ्यात होणारी ही गाठ त्या टेपवर्मच्या अंड्यांमुळे होते, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात: न धुतलेल्या हातांवरून, दूषित पाण्यातून. त्यामुळे आयुष्यात मांस न खाल्लेल्यालाही होते. घरातल्या सगळ्यांची शौच तपासणी करायला सांगितली होती, कारण टेपवर्म बाळगणारा माणूस जवळपासच असू शकतो. आमच्यात कुणाला निघाला नाही.


जनावरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्य. सायलीताई, तुमच्या आईंसाठी लिहितोय, त्यांना वाचून दाखवा.

हा टेपवर्म कुत्र्याच्या आतड्यात राहतो. चार-पाच मिलिमीटरचा असतो, शेकड्यांनी असला तरी कुत्रा निरोगी, गुबगुबीत, खेळकर दिसतो. बघून कुणालाही कळलं नसतं, मलाही नाही. कुत्र्याला तो होतो कत्तल केलेल्या किंवा मेलेल्या मेंढ्या-जनावरांचं गाठी असलेलं यकृत, फुप्फुस कच्चं खायला मिळाल्याने. त्याच्या विष्ठेतून अंडी जमिनीवर, पाण्यात, पालेभाजीवर, त्याच्याच अंगावरच्या केसांत जातात. थंड, ओल्या मातीत ती महिनोन्महिने टिकतात. तेव्हा ज्याने कधी कुत्रा पाळला नाही त्यालाही ही गाठ होते, आणि माझ्या माहितीतल्या कुत्रेवाल्या घरांपैकी बहुतेकांना होत नाही. दादांना ती तुमच्याच कुत्र्यापासून झाली हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. या गाठी इतक्या सावकाश वाढतात की कधीकधी अंडं पोटात गेल्यापासून गाठ दिसेपर्यंत वीस-तीस वर्षं जातात.

आज घरात कुत्रा असेल तर प्रॅझिक्वान्टेल हे टेपवर्मचं औषध वजनाप्रमाणे, नियमाने. जिथे हा आजार आहे तिथे दर सहा आठवड्यांनी द्यायला सांगतात, कारण आतड्यातला जंत अंडी घालण्याएवढा मोठा व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात. कच्चे अवयव खायला घालायचे नाहीत. मुलांनी कुत्र्याशी खेळून झाल्यावर हात धुवायचे. एवढ्याने साखळी तुटते, हे मी आशेवर म्हणत नाही. आइसलँडमध्ये एकेकाळी हा आजार घरोघरी होता. डेन्मार्कचे हाराल्ड क्राबे १८६३ मध्ये तिथे गेले, कुत्री तपासली, आणि मग लोकांना समजेल अशी छोटी पुस्तिका लिहून घरोघर वाटण्यात आली. अल्बेन्डाझोल नव्हतं, सोनोग्राफी नव्हती. कुत्र्यांना कच्चे अवयव मिळणार नाहीत एवढं लोकांनी पाळलं, आणि काही दशकांत नव्या पिढीत तो आजार जवळपास दिसेनासा झाला.


सायली_प

पाच महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

एमआरआयमध्ये सात सेंटीमीटरची गाठ, आत अकरा-बारा पिल्लू-गाठी, भोवती काळी कड. मोठी रक्तवाहिनी चिकटलेली नव्हती, फक्त एका बाजूला सरकलेली होती. दुसऱ्यांदा सोनोग्राफी केली त्या डॉक्टरांनी दादाला कुशीवर वळवलं आणि मला आत बोलावून दाखवलं. कृष्णधवल, कवडशातली धूळच होती. यकृतात आणखी एक सापडली, तीन सेंटीमीटरची, पण तिच्यात पाणी नाही, घट्ट झालेली, कडेला चुना धरलेला. ती मेलेली आहे म्हणाले, तिला हात लावायचा नाही, दरवर्षी फक्त बघायचं. म्हणजे इतकी वर्षं ती तिथे होती आणि आपोआप संपली. हे ऐकून मी खूप वेळ नुसती बसून राहिले.

तीन आठवडे गोळ्या, मग ऑपरेशन. पावणेदोन तास. न फुटता निघाली. सर्जननी बरणीत दाखवली: वरून लालसर स्नायूचं पातळ आवरण, आणि तपासणीसाठी कापल्यावर आत पांढरंशुभ्र, ओल्या ट्रेसिंग पेपरसारखं अस्तर आणि मोत्यांसारख्या गाठी. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘आकडे आढळले’ ही ओळ आहे. सूक्ष्मदर्शी, ती वाचल्यावर पहिल्यांदा तुम्हीच आठवलात.

ऑपरेशननंतर तीन महिने गोळ्या झाल्या. दुसऱ्या महिन्यात यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी तिप्पट वाढलं, दोन आठवडे गोळी बंद, मग पुन्हा. तपासणी ठरलेल्या दिवशी केली म्हणून कळलं; त्याला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. मुलांच्या आणि वहिनीच्या पोटाच्या सोनोग्राफी स्वच्छ आहेत. आई आता कुत्र्याचं नाव घेते तेव्हा रडत नाही, त्याच्या खोड्या सांगते.

आता दर सहा महिन्यांनी मांडीची सोनोग्राफी सांगितली आहे. किती वर्षं करायची?


कृष्णधवल

पहिली दोन-तीन वर्षं सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, निदान पाच वर्षं. मी तरी तसंच सांगतो. उशिरा परत आलेल्या गाठी पाहिल्यात म्हणून. शक्यतो एकाच ठिकाणी करा, जुन्या फिल्म सोबत न्या. ऑपरेशनच्या जागी सुरुवातीला थोडं पाणी साचलेलं दिसतं, त्याला घाबरू नका. ते कमी होत जातं. वाढत गेलं किंवा गोल झालं तर एमआरआय.


सूक्ष्मदर्शी

सायली, फार बरं वाटलं. आता एवढं कर. बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि काचा मागून घे किंवा निदान त्यांचा नंबर लिहून ठेव, कारण काही वर्षांनी त्या शोधणं कठीण होतं. आणि दादाच्या फाइलच्या पहिल्या पानावर जाड अक्षरात लिही: ‘हायडॅटिड, मांडी, ऑपरेशन झालेलं, यकृतात मेलेली गाठ’. मोबाइलमध्येही त्याचा फोटो ठेवायला सांग. उद्या शरीरात कुठेही फुगवटा आला आणि कुणी हातात सिरिंज घेतली, तर सुईआधी त्या माणसाच्या नजरेला ते पान पडायला हवं.